तिसऱ्या उमेदवाराची मते कुठून येतात?

चाकूर तालुका अहमदपूर विधानसभा मतदारसंघात येतो. २००९ साली या मतदारसंघाने मोठ्या पक्षांना बाजूला सारून महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाचे बाबासाहेब पाटील निवडून दिले. राज्यात त्या पक्षाचा तेवढा एकच आमदार होता. २०१४ ला इथे अपक्ष विनायकराव पाटील जिंकले. २०१९ ला पुन्हा बाबासाहेब, या वेळी राष्ट्रवादीकडून. शिवराज पाटील चाकूरकरांसारखा काँग्रेसचा देशपातळीवरचा नेता ज्या मातीने दिला, तिथलीच ही गोष्ट. पक्षाचे चिन्ह पाहून डोळे झाकून शिक्का मारणारा मतदार इथे फार पूर्वीच मागे पडला.

तरीही छोट्या पक्षाने मते घेतली की मोठ्या पक्षांची तक्रार ठरलेली असते: आमची मते खाल्ली, ही तर विरोधकांची बी टीम. २०१९ च्या लोकसभेनंतर नांदेडात हेच ऐकू आले. भाजपच्या प्रतापराव पाटील चिखलीकरांनी काँग्रेसच्या अशोक चव्हाणांना सुमारे ४० हजार मतांनी हरवले आणि वंचित बहुजन आघाडीचे प्रा. यशपाल भिंगे १ लाख ६६ हजार मते घेऊन गेले. वंचित नसती तर चव्हाण निवडून आले असते, असे गणित लगेच मांडले गेले.

हे गणित अर्धवट आहे. २०१४ च्या मोदी लाटेत चव्हाणांना सुमारे ४ लाख ९३ हजार मते होती, २०१९ ला ती ४ लाख ४७ हजारांच्या आसपास आली. म्हणजे घट ४६ हजारांची आणि भिंगे यांची मते त्याच्या साडेतीन पट! उरलेली मते नव्याने मतदानाला आलेल्यांची, इतर लहान पक्षांची आणि काही भाजपकडे वळू शकणाऱ्यांचीही असणार. भिंगे धनगर समाजाचे. याच समाजाला २०१४ मध्ये भाजपने अनुसूचित जमातीच्या आरक्षणाचा शब्द दिला होता आणि पाच वर्षांनंतरही तो पुरा झालेला नव्हता. अशा मतदाराला कुणा एका पक्षाच्या मालकीचा मानणे हा त्याचा अपमान आहे.

वंचितने तेव्हा उमेदवारांच्या यादीत नावासमोर जात छापली. त्यावर टीका झाली. पण ज्या समाजांना मोठ्या पक्षांच्या याद्यांमध्ये वर्षानुवर्षे जागा मिळाली नाही, त्यांनी त्या यादीत पहिल्यांदा आपले नाव पाहिले. वंचित आणि एमआयएमच्या युतीला त्या निवडणुकीत राज्यभर ४१ लाखांहून अधिक मते पडली आणि खासदार निवडून आला एकच, औरंगाबादचे इम्तियाज जलील.

ब्रिटनमध्येही असेच घडले. युरोपीय संघातून बाहेर पडा, एवढ्या एका मागणीवर उभ्या राहिलेल्या यूकिप पक्षाला २०१५ मध्ये ३८ लाखांहून अधिक मते आणि एकच जागा मिळाली. हा पक्ष हुजूर पक्षाची मते खाईल, असा सगळ्यांचा अंदाज होता. तो खरा ठरलाच, पण मजूर पक्षाच्या उत्तरेकडील बालेकिल्ल्यांतही यूकिपने मुसंडी मारली. २०१४ च्या पोटनिवडणुकीत हेवूड आणि मिडलटनची जागा मजूर पक्षाने केवळ ६१७ मतांनी राखली. कारखाने बंद पडले, आपल्याकडे कुणी फिरकत नाही, ही तिथल्या लोकांची सल होती. युरोपचा प्रश्न तिला वाट देणारा ठरला. जून २०१६ मध्ये सार्वमताने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. एका खासदाराच्या पक्षाने देशाची दिशा बदलली.

आपल्याकडे मात्र छोट्या पक्षांचा पाया टिकत नाही. नांदेड महापालिकेत २०१२ ला एमआयएमचे ११ नगरसेवक निवडून आले आणि २०१७ ला एकही नाही. त्या वेळी काँग्रेसने ८१ पैकी ७३ जागा घेतल्या. तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री के. चंद्रशेखर राव यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये नांदेडला सभा घेतली, तेव्हा तेलंगणातली शेतकऱ्यांना रोख मदत देणारी रयतु बंधू योजना आणि शेतीची मोफत वीज पाहिलेल्या सीमाभागातल्या शेतकऱ्यांना मोठी आशा वाटली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची तेलंगणातली सत्ता गेली आणि इथला त्यांचा पक्षही विरला. वंचितचे तर चिन्हही टिकले नाही: २०१९ च्या लोकसभेला कपबशी होते, विधानसभेला गॅस सिलिंडर. लातूर लोकसभेत वंचितला २०१९ ला एक लाखाहून अधिक मते होती, २०२४ ला ती निम्म्यापेक्षाही खाली आली.

पक्ष विरतो, पण त्याला मते देणारे लोक गावातच असतात आणि त्यांचे प्रश्नही. पुढच्या निकालाचा तक्ता हाती आला की विजयी उमेदवाराच्या आधी तिसऱ्या क्रमांकाची ओळ वाचा. ती मते कोणत्या गावांतून, कोणत्या वस्त्यांतून आली ते शोधा आणि तिथे जाऊन विचारा. चाकूरच्या मोठ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांनी तर हे निवडणुकीची वाट न पाहता आजच करायला हवे.