ऑगस्ट उजाडताच स्क्रिप्ट का अडखळते? शेलमधील चलांच्या गुणधर्मांचा अर्थ

नवी दिल्ली : जानेवारीपासून जुलैपर्यंत बिनतक्रार चालणारी एखादी शेल स्क्रिप्ट १ ऑगस्टला अचानक थांबते. सप्टेंबरभर तिची हीच गत राहते आणि १ ऑक्टोबरला कोणीही हात न लावता ती पूर्ववत चालू लागते. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या अनेकांना हा अनुभव परिचित आहे. यंत्रातील बिघाड किंवा घातक सॉफ्टवेअर ही त्यामागची कारणे नसतात. चलाला, म्हणजेच व्हेरिएबलला, बहाल केलेला ‘पूर्णांक’ हा गुणधर्म या गोंधळाच्या मुळाशी असतो.

बँकांचे रात्रीचे हिशेब, निकालपत्रकांच्या फायली, माहितीच्या राखीव प्रती अशी असंख्य कामे आज शेल स्क्रिप्टवर सोपविलेली असतात. त्यामुळे चलांचे गुणधर्म नेमके कसे वागतात, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांपुरता उरलेला नाही.

मुळात सारे काही मजकूरच

युनिक्स प्रणालीसाठी स्टीफन बॉर्न यांनी बेल प्रयोगशाळेत लिहिलेले शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीसह उपलब्ध झाले. त्यात चलाचे मूल्य म्हणजे केवळ अक्षरांची माळ होती. ‘५’ हा अंक आणि ‘पाच’ हा शब्द यांत शेलच्या लेखी कोणताही भेद नव्हता. पुढे डेव्हिड कॉर्न यांच्या कॉर्न शेलने ‘टाइपसेट’ ही आज्ञा आणून चलांना प्रकार देण्याची सोय केली. ग्नू प्रकल्पासाठी ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेले बॅश हे शेल १९८९ मध्ये आले. आज लिनक्समध्ये सर्वाधिक परिचित असलेल्या या शेलमध्ये ‘डिक्लेअर’ या आज्ञेने चलाला गुणधर्म देता येतात. ‘टाइपसेट’ हे जुने नावही त्याला चालते.

पूर्णांक, केवळ वाचनासाठी, निर्यात, क्रमवार यादी, नावांनुसार यादी, लहान किंवा मोठी लिपी आणि दुसऱ्या चलाचा निर्देश, हे त्यांतील प्रमुख गुणधर्म होत. नावांनुसार यादी आणि लिपीबदल यांची सोय २००९ मधील चौथ्या आवृत्तीत, तर निर्देशाची सोय २०१४ मधील ४.३ या आवृत्तीत आली.

तथापि जावा किंवा सी या भाषांतील ‘प्रकार’ आणि बॅशमधील ‘गुणधर्म’ यांत मूलभूत अंतर आहे. बॅशमध्ये पूर्णांक म्हणून जाहीर केलेले चलही आतून मजकूरच साठविते. त्या चलाला मूल्य देताना उजवीकडील मजकूर गणिती पदावली समजून सोडवावा, एवढाच आदेश हा गुणधर्म शेलला देतो.

शून्याची करामत

या आदेशाचे परिणाम दूरवर पोहोचतात. साध्या चलात ‘५+३’ ठेवल्यास तीच तीन चिन्हे साठविली जातात. पूर्णांक चलात मात्र ८ साठविले जातात. ५ हे मूल्य असलेल्या चलाला पुढे ३ जोडल्यास साधे चल ‘५३’ दाखविते, तर पूर्णांक चल ८.

गणिती पदावली सोडविताना बॅश सी भाषेचा संकेत पाळते. शून्याने सुरू होणारी संख्या अष्टमान पद्धतीतील, म्हणजे आठ या पायावरील, मानली जाते. त्या पद्धतीत ० ते ७ एवढेच अंक असतात. ‘०१’ ते ‘०७’ या महिन्यांची मूल्ये दोन्ही पद्धतींत सारखीच असल्याने चूक झाकलेली राहते. ‘०८’ येताच शेल ती संख्या नाकारते आणि त्रुटी दाखविते. ‘०९’चेही तसेच. ऑक्टोबरचा ‘१०’ शून्याने सुरू होत नसल्याने पुन्हा सारे सुरळीत होते. तारीख किंवा तास यांवर बेतलेल्या स्क्रिप्टमध्ये हीच चूक दर महिन्याच्या ८ व ९ तारखेला किंवा रोज सकाळी आठ ते दहा या वेळेत डोके वर काढते.

त्रुटी दिसली तर निदान चूक कळते. मूल्य निमूटपणे बदलले गेल्यास अधिक हानी संभवते. दूरध्वनीचे एसटीडी क्रमांक हे त्याचे बोलके उदाहरण ठरावे. दिल्लीचा ०११ पूर्णांक चलात ठेवल्यास ९ होतो, मुंबईचा ०२२ हा १८, पुण्याचा ०२० हा १६, कोलकात्याचा ०३३ हा २७ आणि चेन्नईचा ०४४ हा ३६ होतो. बंगळुरूच्या ०८० व अहमदाबादच्या ०७९ या क्रमांकांवर मात्र स्क्रिप्ट अडते. पाच शहरांची नोंद चुकीची झाली, तरी तक्रार फक्त दोघांचीच येते. शून्याने सुरू होणारे खाते क्रमांक किंवा आसन क्रमांक यांनाही हाच धोका आहे.

अक्षरांच्या बाबतीत तर शेल आणखी उदार आहे. पूर्णांक चलाला इंग्रजी लिपीतील एखादा शब्द दिल्यास शेल तो दुसऱ्या चलाचे नाव समजते. त्या नावाचे चल अस्तित्वात नसेल, तर कोणतीही सूचना न देता ० साठविले जाते. दशांश चिन्ह असलेली संख्या मात्र त्रुटी ठरते, कारण बॅशचे गणित पूर्णांकांपुरतेच मर्यादित आहे. सध्याच्या संगणकांवर त्याची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ इतकी असून ती ओलांडल्यास इशारा मिळत नाही. बेरीज थेट ऋण संख्येत उलटते.

गुणधर्म केव्हा लागू होतो?

गुणधर्म चलात आधीपासून असलेल्या मूल्याला हात लावत नाही. पुढे मूल्य दिले जाईल तेव्हाच तो जागा होतो. चलात आधी ‘५+३’ ठेवून नंतर ते पूर्णांक म्हणून जाहीर केल्यास आत ‘५+३’ हेच राहते. मोठ्या लिपीचा गुणधर्मही जुना मजकूर तसाच ठेवतो. देवनागरीत लहान-मोठ्या लिपीचा भेद नसल्याने मराठी मजकुरावर त्याचा परिणाम होत नाही. देवनागरी अंकांनाही बॅशचे गणित संख्या मानत नाही, ही बाब मराठी माहिती हाताळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवी.

‘केवळ वाचनासाठी’ हा गुणधर्म सर्वांत हट्टी आहे. इतर बहुतेक गुणधर्म अधिक चिन्ह वापरून काढता येतात. हा मात्र एकदा दिला की त्या शेलमध्ये परत घेता येत नाही आणि चल पुसूनही टाकता येत नाही. परंतु त्याचे राज्य त्या एका शेलपुरतेच असते. चल निर्यात केल्यावर दुसऱ्या प्रक्रियेकडे त्याचे नाव आणि मूल्य एवढेच पोहोचते. पूर्णांकत्व व वाचनाचे बंधन मागेच राहते. यादी स्वरूपातील चले तर निर्यातच होत नाहीत. फंक्शनच्या आत ‘डिक्लेअर’ केलेले चलही त्या फंक्शनपुरतेच जगते; ते बाहेर दिसावे यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो.

आणखी एक सापळा अनेकांना चकवितो. एखाद्या आज्ञेचे फलित ‘डिक्लेअर’च्याच ओळीत चलाला दिल्यास ती आज्ञा फसली तरी ओळ यशस्वी ठरते; कारण शेल ‘डिक्लेअर’चे यश मोजते. त्रुटी येताच थांबण्याची सूचना दिलेली स्क्रिप्टही मग पुढे धावत राहते. चल आधी जाहीर करून मूल्य पुढच्या ओळीत देणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

सुरक्षेचा प्रश्न

निर्यातीच्या सोयीने केवढे संकट ओढवू शकते, हे २४ सप्टेंबर २०१४ रोजी जगासमोर आले. ‘शेलशॉक’ नावाने ओळखली जाणारी ही त्रुटी स्तेफान शाझेलास यांनी शोधली होती. बॅशमध्ये फंक्शनही निर्यात करता येतात आणि ती पर्यावरण चलांतून मजकुराच्या रूपात पाठविली जातात. हा मजकूर वाचताना फंक्शनची व्याख्या संपल्यावर पुढे लिहिलेल्या आज्ञाही बॅश पार पाडत असे. त्यामुळे काही वेब सर्व्हरवर बाहेरची व्यक्ती विनंतीतूनच आज्ञा चालवू शकत होती. ही उणीव बॅशमध्ये दोन दशकांहून अधिक काळ दडलेली होती.

ती त्रुटी दुरुस्त झाली. पूर्णांक गुणधर्माचा धोका मात्र त्याच्या रचनेतच आहे. गणिती पदावलीत यादीतील घटकाचा उल्लेख चालतो आणि त्या घटकाच्या कंसात आज्ञाही लिहिता येते. म्हणून बाहेरून आलेला मजकूर थेट पूर्णांक चलात ठेवल्यास त्यात दडविलेली आज्ञा अंमलात येऊ शकते. ‘पूर्णांक जाहीर केले, आता फक्त अंकच येतील’ हा समज म्हणूनच घातक आहे. मूल्यात केवळ अंक आहेत का, ही तपासणी आधी स्वतंत्रपणे करावी लागते.

काय काळजी घ्यावी?

ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करावयाची नाही, ते साध्या मजकुराच्या रूपातच ठेवावेत. दूरध्वनी, खाते व आसन क्रमांक याच वर्गात मोडतात. महिना किंवा तास यांचे गणित करावयाचेच असेल, तर मूल्याआधी दहाचा आकडा आणि हॅशचे चिन्ह लिहून दशमान पद्धत सक्तीची करता येते. शंका आल्यास ‘डिक्लेअर’ला ‘पी’ हा पर्याय द्यावा. चलाचे मूल्य आणि गुणधर्म दोन्ही दिसतात.

स्क्रिप्ट कोणत्या शेलमध्ये चालणार, हेही पाहणे अगत्याचे आहे. डेबियन व उबुंटूमध्ये ‘एसएच’ या नावामागे डॅश हे शेल असते आणि त्यात ‘डिक्लेअर’ ही आज्ञाच नाही. ॲपलच्या मॅक संगणकांसोबत येणारे बॅश ३.२ आवृत्तीचे असल्याने नावांनुसार यादी तेथे चालत नाही.

आणि स्क्रिप्टची चाचणी कोणत्याही महिन्यात घेतली, तरी तिला ‘०८’ आणि ‘०९’ ही दोन मूल्ये देऊन पाहावीत. दोन मिनिटांच्या या तपासणीने ऑगस्टमधील धावपळ टळू शकते.