न वापरलेला बूट गडावरच का उकलतो?

पाऊस सुरू झाला की ग्रुपवर एकच मेसेज फिरतो, "रविवारी कुठला गड?" म्हणून आज बोलूया ट्रेकच्या सामानाबद्दल.

सुरुवात बुटांपासून. हरिश्चंद्रगड उतरताना आमच्यातल्या एकाच्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला. बूट महागाचा, जेमतेम पाच-सहा वेळा घातलेला, बाकी सहा वर्षं खोक्यात जपून ठेवलेला. बूट सुतळीने बांधला, आळीपाळीने त्याला आधार दिला आणि पाचनईत पोचेपर्यंत मिट्ट काळोख. शेवाळलेल्या कातळावर त्याचा पाय एकदा जरी मुरगळला असता, तर झोळी करून आणावं लागलं असतं.

आता प्रश्न असा, की वापरलाच नाही तर बूट गेला कसा?

त्याचं उत्तर आहे हायड्रोलिसिस. अनेक ट्रेकिंग बुटांमध्ये खालचा रबरी तळ आणि वरचा भाग यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतली ओल त्यात मुरते आणि त्याच्या रासायनिक साखळ्या हळूहळू तुटतात. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो, आतून मात्र त्याचा भुगा होत असतो. मग उतारावर वजन पडलं की तळ हातात! आणि आपल्याकडे, मुंबई-कोकणात तर ओलीला तोटाच नाही. त्यात बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, की ओल आतच कोंडते.

म्हणून ट्रेकच्या आठवडाभर आधी एवढं करा. त्या मधल्या थरावर अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा, चिकटपणा किंवा कण सुटताना दिसले, तर तो बूट गडावर नेऊ नका. नुसता गोंद सुटला असेल तर मोचीकडून शिवून घ्या, छान चालतो. पण थराचाच भुगा झाला असेल तर टाका धरणार कशात? ट्रेकहून आल्यावर बूट धुवा, सावलीत वाळवा, मोकळ्या हवेत ठेवा आणि अधूनमधून घाला.

रेनकोटचंही तसंच. आतला थर पापुद्र्यासारखा सुटायला लागला, की पाणी आत येणारच.

टॉर्च घेताना आयपीएक्सचा आकडा बघा. ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी सोसेल. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकेल. घरी आल्यावर सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून आतले पत्रे खराब होतात.

आणि कॅराबिनर! सॅकला लटकवायचे शोभेचे कॅराबिनर दिसायला हुबेहूब खऱ्यासारखे असतात. चढाईच्या कॅराबिनरवर किलोन्यूटनमध्ये आकडा कोरलेला असतो. २२ किलोन्यूटन म्हणजे साधारण २२०० किलोचा भार. हा आकडा नसेल तर त्याला पाण्याची बाटली लटकवा, माणूस नको.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, घरी दहा मिनिटं बसून बघावं लागतं. तर आज घरी गेल्यावर तेवढं खोकं उघडा, बुटावर अंगठा दाबा आणि काय झालं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!