लाइव्ह अल्बमची गोष्ट (लेखांक ६) : चाळिशीतलं पंक

‘लाइव्ह ॲट लीड्स’मध्ये ‘द हू’ या बँडने गाणं मंचावर कसं फुलवलं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात ‘माय जनरेशन’ हे मूळचं सव्वातीन मिनिटांचं गाणं १४ मिनिटांच्या पुढे गेलं. ‘डीप पर्पल’ने १९७२ च्या जपान दौऱ्यात ‘स्पेस ट्रकिन’ २० मिनिटांच्या घरात नेलं. ख्यालगायकाने बंदिश मांडून बढत करावी, तसा हा मामला.

पंकला मात्र बढतच नामंजूर. लांबलचक सोलोंचा वीट आलेल्या पोरांचं हे संगीत. गाणं तीन-चार मिनिटांत आटोपायचं. मग त्याच्या लाइव्ह अल्बममध्ये वेगळं काय मिळणार? ‘सेक्स पिस्टल्स’चा ‘फिल्दी ल्युकर लाइव्ह’ (१९९६) ऐकला की याचं उत्तर सापडतं.

जानेवारी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर बँड फुटला. १९९६ मध्ये जॉन लायडन, स्टीव्ह जोन्स, पॉल कुक आणि ग्लेन मॅटलॉक हे मूळचे चौघे पुन्हा जमले. पैशासाठी आलोय, हे त्यांनी लपवलं तर नाहीच, उलट दौऱ्याच्या ‘फिल्दी ल्युकर’ (म्हणजे घाणेरडा पैसा) या नावातच मिरवलं. २३ जूनला लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये ध्वनिमुद्रण झालं. आदल्याच दिवशी इंग्लंडने युरो स्पर्धेत स्पेनला पेनल्टींवर हरवलं होतं आणि बँडला पुकारायला मंचावर आले ते त्या संघातले स्टुअर्ट पिअर्स आणि गॅरेथ साउथगेट. ज्यांचं ‘गॉड सेव्ह द क्वीन’ १९७७ मध्ये बीबीसीने वाजवलं नव्हतं, त्यांचं स्वागत आता राष्ट्रीय संघातले खेळाडू करत होते!

आता वाजवण्याकडे वळू. १९७७ च्या स्टुडिओ अल्बमात जोन्सने गिटारचे थरावर थर चढवले होते. बेसही बहुतेक त्यानेच वाजवला, कारण मॅटलॉक बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी आलेल्या सिड व्हिशसला बेस धड येत नव्हता. दोन्ही अल्बमांचा निर्माता एकच, ख्रिस थॉमस. पण मंचावर गिटार एकच. जोन्स सोलोकडे वळला की खाली पडणारी पोकळी बेसनेच भरायची. मॅटलॉक ती इतकी चोख भरतो की लीड्समधला ‘द हू’चा बेसवादक जॉन एन्टविसल आठवावा. हे साम्य योगायोगाचं नाही. सुरुवातीच्या काळात पिस्टल्स ‘द हू’चंच ‘सब्स्टिट्यूट’ वाजवत.

वादक म्हणून चाळिशीतले पिस्टल्स विशीतल्यांपेक्षा सरस आहेत. कमी पडते ती जोखीम. लीड्सची जोखीम वाजवण्यातच होती: पीट टाउन्शेंड गिटारवर कुठे वळेल ते बाकीच्यांनी ऐन वेळी ओळखायचं. अशी जोखीम कलावंताचं वय वाढलं तरी टिकते. पंकची जोखीम मंच आणि प्रेक्षक यांच्यातल्या वैरात होती. फिन्सबरी पार्कमध्ये हजारो लोक शब्दन् शब्द सोबत गातात. तिथे कसलं वैर? उरतात ती निव्वळ गाणी. ती मात्र खणखणीत उभी राहतात, आणि ज्यांना वाजवता येत नाही म्हणून हिणवलं गेलं त्यांच्यासाठी हा निकाल लहान नव्हे.

पुढच्या आठवड्यात ‘थिन लिझी’चा १९७८ चा ‘लाइव्ह अँड डेंजरस’ : त्यातलं मंचावरचं किती आणि नंतर स्टुडिओत भरलेलं किती, यावर निर्माता आणि बँड यांच्यात जुंपलेला वाद.