ऑक्सिजन वाढवा म्हणण्याआधी

जिल्हा रुग्णालयातील एसएनसीयू, म्हणजे नवजात शिशूंचा विशेष कक्ष. काचेबाहेर रात्री उशिरा एक बाप उभा असतो. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले त्याचे दीड किलोचे बाळ आत वॉर्मरवर असते. प्रत्येक श्वासाला बाळाची छाती बरगड्यांखाली आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात आणि कण्हल्यासारखा बारीक आवाज येतो. नाकात छोटी नळी असते आणि शेजारच्या बाटलीतल्या पाण्यात बुडबुडे येत असतात. मॉनिटरवर आकडा असतो ९२. फोनवरचा नातेवाईक म्हणतो, ‘‘शंभर का नाही? ऑक्सिजन वाढवायला सांग त्यांना.’’ सिस्टर सांगतात, ‘‘दादा, या बाळासाठी ब्याण्णव बरोबर आहे.’’ बापाला ते पटत नाही. कोविडच्या काळात ऑक्सिजनसाठी झालेली धावाधाव त्याला आठवत असते.

हे चित्र कोणत्याही नवजात कक्षाबाहेर दिसू शकते. बापाची शंका रास्त आहे. मात्र सिस्टरच्या उत्तरामागे सत्तर वर्षांचा अनुभव आहे आणि त्यात अनेक बाळांचे डोळे आणि प्राण गेले आहेत. नवजात बाळाच्या फुप्फुसांवरील उपचारांत एक धडा पुन:पुन्हा मिळाला: दिसायला योग्य वाटणारा उपचार मोजून, तुलना करून तपासल्याशिवाय योग्य म्हणता येत नाही.

ऑक्सिजनची दुधारी तलवार

१९४२ मध्ये बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील एका नव्या अंधत्वाचे वर्णन केले. पुढच्या दहा-बारा वर्षांत जगभरात सुमारे दहा हजार बाळांची दृष्टी गेली. चमत्कारिक बाब अशी, की हा आजार सुसज्ज रुग्णालयांत जास्त होता. तेथे काचपेटीत भरपूर ऑक्सिजन सोडला जाई. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवले. त्यानंतर अमेरिकेतील १८ रुग्णालयांनी मिळून तुलना केली आणि संशय खरा ठरला. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झालेली नसते. जादा ऑक्सिजनने ती वाढ बिघडते. या आजाराला आज ‘आरओपी’ म्हणतात.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. ऑक्सिजन सरसकट कमी करण्यात आला. अंधत्व घटले, पण श्वासाच्या त्रासाने दगावणारी बाळे वाढली. १९७३ मध्ये ब्रिटनमधील केनेथ क्रॉस यांनी मांडलेला हिशेब अस्वस्थ करणारा होता: एका बाळाची दृष्टी वाचवताना सुमारे सोळा बाळांचे प्राण गेले असावेत.

नेमका किती ऑक्सिजन द्यावा, याचे उत्तर मिळायला आणखी चार दशके लागली. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या जवळपास पाच हजार बाळांवर वेगवेगळ्या देशांत पाच चाचण्या झाल्या. एका गटात रक्तातील ऑक्सिजनची पातळी ८५ ते ८९ टक्के, तर दुसऱ्यात ९१ ते ९५ टक्के ठेवण्याचा प्रयत्न होता. एकत्रित निष्कर्ष २०१८ मध्ये आले. कमी पातळीच्या गटात १९.९ टक्के बाळे दगावली, जास्त पातळीच्या गटात १७.१ टक्के. उलट, आरओपीसाठी उपचार करावे लागण्याचे प्रमाण कमी पातळीच्या गटात १०.९, तर जास्त पातळीच्या गटात १४.९ टक्के होते. म्हणून आज ऑक्सिजनवरील अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये पातळी साधारण नव्वद ते पंचाण्णवच्या दरम्यान राखतात. सिस्टरचा ‘ब्याण्णव’ हा आकडा इथून आला आहे.

या शोधात भारताचाही वाटा आहे. जन्मतः न रडलेल्या बाळाला शंभर टक्के ऑक्सिजनच द्यायचा, हा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. दिल्लीचे डॉ. सिद्धार्थ रामजी आणि नॉर्वेचे ओला सॉगस्टाड यांनी १९९३ मध्ये ८४ बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात साध्या हवेने श्वास दिलेली बाळेही तितकीच सावरली. पुढे मोठ्या अभ्यासांनी याला पुष्टी दिली. २०१० पासून पूर्ण दिवसांच्या बाळाला श्वास देण्याची सुरुवात साध्या हवेनेच करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे.

फुप्फुसाला हवा असतो ‘साबण’

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला श्वास घेणे इतके जड का जाते? फुप्फुसात अगणित सूक्ष्म वायुकोश असतात आणि त्यांना आतून ओलसर थर असतो. पाण्याच्या पृष्ठताणामुळे हे वायुकोश मिटू पाहतात. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, तसेच काम फुप्फुसात तयार होणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ करतो. गर्भात तो पुरेसा तयार व्हायला शेवटचे काही आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाचे वायुकोश प्रत्येक उच्छ्वासानंतर मिटतात. फुगा पुन्हा पहिल्यापासून फुगवावा, तसा त्याला प्रत्येक श्वास घ्यावा लागतो. काही तासांत बाळ थकते.

हे कारण १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरी मीड यांनी दाखवले, पण उपचार हाती नव्हता. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या कक्षात ठेवूनही तो ३९ तासांत गेला. आज एवढ्या वजनाचे बाळ आपल्याकडील जिल्हा रुग्णालयातूनही बरे होऊन घरी जाते. १९८० मध्ये जपानचे फुजिवारा यांनी गायीच्या फुप्फुसापासून तयार केलेला सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि बाळे सुधारली. नंतरच्या चाचण्यांनी हा उपचार पक्का केला. तो महाग आहे आणि प्रत्येक बाळाला लागत नाही. कोणाला द्यायचा, हे बाळाला किती ऑक्सिजन लागतो यावरून ठरते.

बाटलीतल्या बुडबुड्यांचे कामही हेच. बाळ कण्हते तेव्हा ते स्वरयंत्र अर्धवट मिटून हवा आत धरून ठेवत असते, म्हणजे वायुकोश मिटू नयेत म्हणून धडपडत असते. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी हेच काम बाहेरून करून दाखवले. त्यांनी २० बाळांच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब राखला आणि त्यांपैकी १६ वाचली. या पद्धतीला ‘सीपॅप’ म्हणतात. बबल सीपॅपमध्ये हवा बाहेर नेणाऱ्या नळीचे टोक पाण्यात पाच सेंटिमीटर बुडवले, की तेवढाच दाब फुप्फुसांत राहतो. लगेच घशातून नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याऐवजी, स्वतः श्वास घेणाऱ्या बाळाला आधी सीपॅप द्यावा, असा मोठ्या चाचण्यांचा कौल आहे. त्याने फुप्फुसांची दीर्घकाळची इजा थोडी कमी होते. तेव्हा ‘बाळाला मोठे मशीन का लावत नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘गरज नाही म्हणून’ असेच असते.

जन्माआधीचे इंजेक्शन

सर्वांत स्वस्त उपचार मात्र बाळाला नव्हे, आईला द्यायचा असतो. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेले एक कोकरू, जगू शकणार नाही इतके लवकर जन्मूनही, श्वास घेत राहिले. त्याची फुप्फुसे वेळेआधी तयार झाली होती. १९७२ मध्ये लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी २८२ मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली. मुदतपूर्व प्रसूतीच्या आधी स्टेरॉइड दिल्यास बाळांना श्वासाचा त्रास कमी होतो, हे तीत दिसले. आणखी चाचण्या झाल्या, तरी हा उपचार सर्रास व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. मधल्या वर्षांत किती बाळे हकनाक गेली असतील! वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख आहे, तो या दिरंगाईची आठवण म्हणून.

पण इथेही गोष्ट सरळ संपली नाही. हे इंजेक्शन खेडोपाडी पोहोचवले तर? हे पाहण्यासाठी सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांचा अभ्यास झाला. त्यात नागपूर आणि बेळगाव भागातील मातांचाही समावेश होता. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांनी तज्ज्ञ चक्रावले. जिथे हा कार्यक्रम राबवला, तिथे कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. सगळ्या बाळांचा एकत्र विचार केला, तर दर हजार जन्मांमागे नवजात मृत्यू साडेतीनने वाढले आणि मातांमधील जंतुसंसर्गाचा संशयही वाढला. दिवस नक्की किती भरलेत हे ठरवण्याची सोय अनेक ठिकाणी अपुरी होती. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक मातांची बाळे पुढे तितक्या कमी वजनाची निघालीच नाहीत. म्हणजे ज्यांना गरज नव्हती, त्यांनाही औषध गेले.

मग औषध वाईट का? जागतिक आरोग्य संघटनेने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया येथील रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. सोनोग्राफीने दिवस मोजले, २६ ते ३४ आठवड्यांदरम्यानच्या २,८५२ माता घेतल्या. बाळाची काळजी घेण्याची सोय असलेलीच रुग्णालये निवडली. निष्कर्ष २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात १९.६ टक्के, तर न मिळालेल्या गटात २३.५ टक्के बाळे दगावली. मातांचा संसर्ग वाढला नाही. फायदा स्पष्ट दिसल्याने चाचणी वेळेआधी थांबवण्यात आली. औषध तेच होते. योग्य माता, योग्य आठवडा आणि योग्य रुग्णालय यांनी फरक केला.

घरच्यांच्या हातात काय?

२०२० मध्ये भारतात सुमारे तीस लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली. यांतल्या अनेकांचे भवितव्य प्रसूतीच्या आधीच्या एक-दोन दिवसांत ठरते आणि तिथे घरच्यांचा वाटा मोठा आहे.

पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी करून घ्या आणि तिचा कागद जपून ठेवा. दिवस किती भरले, हे त्यावरूनच सर्वांत अचूक कळते. चौतीस आठवड्यांच्या आत पोटात कळा आल्या, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. नवजात कक्षाची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच जा. स्टेरॉइडला काम करायला वेळ लागतो. इंजेक्शन आणि प्रसूती यांत किमान एक दिवस मिळाला, तर फायदा चांगला होतो. इंजेक्शन द्यायचे की नाही, हे मात्र डॉक्टरांनाच ठरवू द्या.

बाळ नवजात कक्षात असेल, तर ‘ऑक्सिजन वाढवा’ऐवजी हे विचारा: ‘बाळाची पातळी कितीच्या दरम्यान ठेवायची आहे?’ ‘सीपॅप कधी काढता येईल?’ ‘कांगारू केअर कधीपासून देता येईल?’ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बाळ धरण्याची ही पद्धतही चाचण्यांत उतरली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच देशांतील अभ्यासात जन्मानंतर लगेच कांगारू केअर सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमध्ये १२ टक्के मृत्यू झाले, तर आधी बाळ स्थिर होण्याची वाट पाहिलेल्या गटात १५.७ टक्के.

बाळ घरी आल्यावर एक काम विसरू नका. चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतर तीस दिवसांच्या आत तपासून घ्यायला हवा. बाळ हसते-खेळते, दिव्याकडे बघते, म्हणून तपासणी टाळू नका. आरओपी सुरुवातीला बाहेरून दिसत नाही. वेळेत सापडला, तर लेझर किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचवता येते. डिस्चार्ज कार्डावर या तपासणीची तारीख लिहिलेली नसेल, तर ती लिहून घेतल्याशिवाय रुग्णालयातून निघू नका.