संगणक खोलीचा जमाखर्च : चार सर्व्हर की एक?



वजनकाटा, ऊस नोंद, ऊस बिल आणि भागखाते ही कामे चार सर्व्हरवर चालवायची की एका मोठ्यावर, असे अजिंठा गटातले सभासद आम्हांस विचारतात. पैसा आपला आहे, तेव्हा हिशेबही आपणांस कळला पाहिजे.

एका विहिरीवर चार भावांची पाळी असते, तसेच हे. एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने चार आभासी सर्व्हर करायचे. एकाचा प्रोग्राम बिघडला तरी बाकीचे तीन चालू राहतात. कल्पना नवी नाही. आयबीएमने १९७२ सालीच मोठ्या संगणकांवर ती दिली होती.

आता विजेचे पाहू. समजा, चार यंत्रे प्रत्येकी ३०० वॉट घेतात. दिवसाला २८.८ युनिट झाले. एक मोठे यंत्र ५०० वॉटचे धरले तर १२ युनिट. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाला ६१,३२० रुपये वाचतात.

पण विहीर आटली तर चारही भाऊ कोरडे! ते एक यंत्र बंद पडले की काटा बंद, गाड्यांची रांग, आणि उन्हात वाळणारा ऊस. वजनातली घट शेतकऱ्याच्याच माथी. म्हणून जोडीला दुसरे यंत्र हवेच. मग विजेची बचत १७,५२० रुपयांवर येते. खरा फायदा वेगळाच : चारऐवजी दोन यंत्रे घ्यावी लागतात, आणि एक बिघडले तर काम दुसऱ्यावर लवकर चालू करता येते.

परवान्याचा खर्चही धरावा. २०२३ साली ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर कंपनी घेतली आणि कायमचे परवाने विकणे बंद केले. आता ठराविक मुदतीची वर्गणी. केव्हीएम, प्रॉक्समॉक्स परवान्याचे पैसे न देता वापरता येतात, पण जाणकार माणूस लागतो. त्याचा पगार खर्चातच मांडावा.

वारणेचा दाखला घ्या. तिथे १९९८ पासून गावोगावी संगणक बसले. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत तेच उसाचे काम मोबाईलच्या संदेशांवर करून पाहिले, आणि ते स्वस्तात भागले. यंत्र भारी की हलके, हे कामावरून ठरवावे.

आमचे मत असे की दुसरे यंत्र असेल तरच एकत्रीकरण करावे, तेही हंगाम संपल्यावर. वार्षिक सभेत सभासदांनी एवढे जरूर विचारावे : काटा बंद पडला तर किती वेळात चालू होईल, नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवली आहे काय, आणि पाच वर्षांचा एकूण खर्च किती?

आणि काट्याची पावती मात्र प्रत्येकाने जपून ठेवावी.