दृष्टीजवळ दृश्य आणणारा संशोधक

परदेशीं असलेल्या मुलानातवंडांशीं व्हिडिओ कॉलवर बोलणें हा आतां आपल्या पुष्कळ घरांतील नित्यक्रम झाला आहे. त्यांतील एक लहानसें वैगुण्य बहुतेकांस जाणवतें, परंतु त्याचें कारण सहसा कोणी शोधीत नाहीं. आजी पडद्यावरील नातवाच्या डोळ्यांकडे पाहते. तिला टिपणारा कॅमेरा मात्र पडद्याच्या वरच्या कडेस असतो. त्यामुळें नातवास तिची नजर खालीं झुकलेली दिसते. दोघेंही एकमेकांस पाहतात, तरी नजरेस नजर भिडत नाहीं. दर्शन घडतें, सान्निध्य घडत नाहीं. दृष्टि एकीकडे आणि दृश्य दुसरीकडे, ही विसंगति नाहींशी करण्यासाठीं अनेक वर्षें झटलेल्या एका संगणकशास्त्रज्ञाचा परिचय येथें करून देण्याचें योजिलें आहे.

प्रो. हेन्री फुक्स यांचा जन्म १९४८ सालीं हंगेरींतील तोकाय या गांवीं झाला. अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनीं १९७५ सालीं मिळविली आणि १९७८ सालीं ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील संगणकशास्त्र विभागांत आले. संगणकानें रेखिलेली आकृति डोक्यावरील उपकरणांतून प्रत्यक्ष जगावर बसवून दाखविण्याचा प्रयोग इव्हान सदरलंड यांनीं १९६८ सालींच केला होता. याच विद्येस पुढें ऑगमेंटेड रिॲलिटी हें नांव पडलें. ती रुग्णाच्या उपयोगीं आणण्याचा ध्यास फुक्स यांनीं घेतला.

सोनोग्राफी करतांना डॉक्टराचा हात रुग्णाच्या अंगावर असतो, पण दृष्टि बाजूच्या पडद्यावर. आंतील चित्र व बाहेरचें शरीर यांचा मेळ त्यास मनांतल्या मनांत घालावा लागतो. १९९२ सालीं फुक्स आणि त्यांचे सहकारी मायकेल बाजुरा व रयुतारौ ओबुची यांनीं डोक्यावर घालावयाच्या उपकरणास एक छोटा कॅमेरा जोडला आणि त्यांतून दिसणाऱ्या दृश्यांत सोनोग्राफीचें चित्र गर्भवतीच्या उदरावरच, त्याच्या योग्य जागीं दाखविलें. पुढें १९९६ सालीं याच पद्धतीनें तपासणीसाठीं पेशी काढणारी सुई नेमक्या जागीं नेण्याचे प्रयत्न झाले. खरी अडचण येथेंच होती. मान किंचित् वळली कीं नवें चित्र रेखण्यास संगणकास क्षणभर अवकाश लागतो, आणि तेवढ्यांत चित्र जागेवरून सरकतें. हा दोष खेळांत खपेल. सुई धरलेल्या हातास खपणार नाहीं. म्हणून डोक्याची हालचाल अचूक व सत्वर मोजणें हा या मंडळींच्या अभ्यासाचा मोठा विषय झाला.

व्हिडिओद्वारां होणाऱ्या संभाषणाकडेही फुक्स यांनीं याच दृष्टीनें पाहिलें. १९९८ सालीं ‘भविष्यकालीन कचेरी’ या कल्पनेवरील त्यांच्या गटाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत पहिलें नांव आहे रमेश रासकर यांचें. रासकर हे मूळ नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून ते चॅपेल हिल येथें गेले व फुक्स यांचे विद्यार्थी झाले. या निबंधांतील कल्पना अशी कीं, खोलींतील भिंती, टेबलें, कोनेकोपरे हाच पडदा व्हावा. प्रोजेक्टरांनीं डोळ्यांस न जाणवणाऱ्या प्रकाशरचना क्षणोक्षणीं टाकाव्या, कॅमेऱ्यांनीं त्या टिपून प्रत्येक पृष्ठाचा आकार मोजावा, आणि मग वेड्यावांकड्या भिंतीवरही चित्र सरळ उमटावें. एवंच, दूरचा सहकारी भिंतीपलीकडच्या खोलींत बसला आहे असें वाटावें. रासकर पुढें एम्. आय्. टी. येथें प्राध्यापक झाले व २०१६ सालीं त्यांस पांच लक्ष डॉलर्सचें लेमेलसन-एम्. आय्. टी. पारितोषिक मिळालें.

२००० सालीं जेरॉन लॅनियर यांच्या नेतृत्वाखालील प्रकल्पांत या कल्पनेस प्रत्यक्ष रूप आलें. शेंकडों मैल दूर फिलाडेल्फिया व आर्मंक येथें असलेलीं माणसें चॅपेल हिल येथील प्रेक्षकास जणूं दोन खिडक्यांपलीकडे बसलेलीं दिसलीं. प्रेक्षकानें मान हलविली कीं, खऱ्या खिडकींतून पाहतांना बदलावें तसें दृश्य बदलत असे. त्यासाठीं कॅमेऱ्यांचा मोठा ताफा व अत्यंत शक्तिमान् संगणक लागले. परंतु २०११ सालीं अँड्र्यू मेमोन या विद्यार्थ्यासह फुक्स यांनीं, खेळासाठीं बाजारांत आलेले किनेक्ट कॅमेरे जोडून, विशेष चष्म्यावांचूनच असा आभास निर्माण करून दाखविला. गूगलनें २०२१ सालीं जाहीर केलेला स्टारलाइन प्रकल्पही याच मार्गावरचा आहे.

ही सिद्धि अद्याप घरोघरच्या फोनांत उतरलेली नाहीं, हें खरें. तथापि फुक्स यांच्या कार्याचें महत्त्व एखाद्या यंत्रापुरतें नाहीं. डॉक्टराची दृष्टि रुग्णावर राहावी आणि बोलणाऱ्याची दृष्टि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर राहावी, या दोन गरजा त्यांनीं एकच मानल्या, आणि तेंच काम शिष्यांच्या हातीं सोंपविलें. मनुष्यानें यंत्राकडे मान वळवावी, हें आपण निमूटपणें पत्करलें होतें. यंत्रानेंच मनुष्याच्या नजरेपाशीं यावें, हा आग्रह त्यांनीं धरला. तो पूर्णपणें सफल होईल तेव्हां समुद्रापारच्या नातवास आजीची नजर झुकलेली दिसणार नाहीं.