कयाकमधील बैठक : पाठदुखीचे उत्तर गादीत नाही

कॅलिफोर्निया, टेक्सास किंवा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी पहाटे एक दृश्य हमखास दिसते. मोटारीच्या टपावरून प्लॅस्टिकची लांबट, अरुंद नौका उतरवली जाते. तीत गळाच्या दोन-तीन काठ्या, आमिषाचा डबा, पाण्याची बाटली रचली जाते आणि एकटा माणूस दोन पात्यांचे वल्हे मारीत उजाडण्यापूर्वीच पाण्यात शिरतो. ही मासेमारीची कयाक. दहाच्या सुमारास तोच गृहस्थ परततो तेव्हा मात्र त्याला नौकेतून चटकन उठता येत नाही. कंबर धरलेली असते, एका पायाला मुंग्या आलेल्या असतात. मासे लागत होते, वाराही पडलेला होता. तरी परतावे लागले, कारण बसवेना.

या दुखण्यावर बहुतेकांचा पहिला उपाय म्हणजे जाडशी उशी विकत आणणे. दुसऱ्या महिन्यात त्याहून जाड उशी येते. दुखणे तेवढेच राहते, फक्त ते अर्धा तास उशिरा सुरू होते. आसनाचा मऊपणा आणि आसनाची रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब येथे नजरेआड होते. शिवाय हा प्रश्न केवळ सुखाचा नाही. गळ टाकलेला असताना माणूस सतत या कुशीवरून त्या कुशीवर वळत राहिला, तर अरुंद नौका डुचमळते. ती उलटलीच, तर पाण्यातून पुन्हा वर चढण्यासाठी दोन्ही पायांनी जोरात पाणी मारून पोट नौकेवर घ्यावे लागते. बधिर झालेला पाय अशा वेळी हुकूम ऐकत नाही.

मूळ कयाकला आसन असे नव्हतेच. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशातील इनुइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून ही नौका घडवली. शिकारी तळाच्या पट्ट्यांवर केसाळ कातडे पसरून बसे. त्याला ते सोसे, याचे एक कारण बालपणापासूनची सवय आणि दुसरे अधिक महत्त्वाचे कारण असे की, नौका त्याच्याच अंगाच्या मापाने बेतलेली असे. लांबी पसरलेल्या हातांच्या वावेने आणि रुंदी नितंबांवरून मोजण्याची पद्धत तेथे होती. थोडक्यात, सगळी नौका हेच एक शिवून घेतलेले आसन होते.

आजची मासेमारीची कयाक वेगळ्या कुळातली आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात टिम निमियर या तरुणाने सर्फबोर्डसारख्या फळीवर खोलगट जागा कोरून, आत न शिरता वरच बसण्याची नौका केली. पुढे ऐंशीच्या दशकात अशा नौका पॉलिइथिलिनच्या भुकटीतून, फिरत्या साच्यात वितळवून तयार होऊ लागल्या. स्वस्त, दणकट, न बुडणाऱ्या आणि आत आलेले पाणी तळाच्या आरपार छिद्रांतून आपोआप वाहून जाणाऱ्या या नौका कोळंबीच्या जाळ्यासारख्या सर्वत्र पसरल्या. कोकण-गोव्याच्या खाड्यांत पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या कयाकही बहुधा याच जातीच्या असतात. गैरसोय एवढीच की साचा एक आणि माणसे अनेक. पाच फुटी आणि सव्वासहा फुटी माणसासाठी बसण्याचा खळगा तोच, पाय टेकण्याच्या खाचाही त्याच.

त्या खळग्यात माणूस कसा बसतो? पाय समोर लांब, टाचा आणि नितंब जवळजवळ एका पातळीत, धड सरळ. योगाभ्यास करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. हे तर दंडासन! भारतीय माणसाला जमिनीवर बसण्याची सवय असते, मग त्याला हे जड का जावे, असे वाटू शकते. परंतु मांडी घालून बसणे आणि पाय पसरून बसणे यांत मोठा फरक आहे. मांडी घातली की गुडघे वाकतात आणि मांडीमागचे स्नायू, ज्यांना व्यायामशाळेत हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते सैल पडतात. पाय सरळ केले की हेच स्नायू ताणले जातात. त्यांचे वरचे टोक बैठकीच्या हाडांना जोडलेले असल्याने ते कमरेचा सांगाडा खालून पुढे ओढतात आणि त्याचा वरचा भाग मागे कलंडतो. मग माणूस बैठकीच्या हाडांवर न बसता माकडहाडाकडे रेलून बसतो, कमरेचा नैसर्गिक बाक जातो आणि पाठ धनुष्यासारखी मागे फुगते.

पुण्याचे योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांनी आसनांसाठी घोंगड्या, विटा, पट्टे अशा साध्या साधनांचा वापर रूढ केला. दंडासनात ज्याची पाठ फुगते त्याच्या नितंबांखाली घोंगडीची घडी द्यायची, ही त्या परंपरेतील नेहमीची युक्ती. चार-पाच सेंटिमीटरची उंची मिळताच कमरेचा सांगाडा पुढे झुकतो आणि पाठ बळ न लावता उभी राहते. घडी येथे मऊपणासाठी नसते, उंचीसाठी असते. म्हणून ती टणक हवी. कयाकच्या आसनाचे निम्मे शास्त्र या एका घडीत आहे. पूर्वीच्या पंगतीतला पाट आठवावा. तो कोठे मऊ होता?

वैद्यकशास्त्राची साक्षही याच बाजूची आहे. अमेरिकेतील नेब्रास्काचे शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण छायाचित्रांच्या आधारे दाखवले की, मांडी आणि धड यांच्यात सुमारे १३५ अंशांचा कोन असताना कमरेचा बाक सर्वांत स्वाभाविक राहतो. कोन जसजसा लहान होतो तसतसा तो सपाट होत जातो. स्वीडनचे आल्फ नॅकेमसन यांनी साठ-सत्तरच्या दशकांत मणक्यांमधील चकतीत सुई घालून दाब मोजला आणि आधाराविना बसताना तो उभे राहण्यापेक्षा बराच अधिक असल्याचे सांगितले. १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि सहकाऱ्यांच्या मोजणीत मात्र सैल बसण्याचा आणि उभे राहण्याचा दाब जवळपास सारखाच आढळला. तज्ज्ञांमधील हा मतभेद मासेमारी करणाऱ्याने फारसा मनावर घेण्याचे कारण नाही. बसून पुढे वाकल्यावर चकतीवरचा दाब खूप वाढतो, याविषयी दोन्हीकडची मोजमापे एकमुखी आहेत, आणि पाठ फुगवून गळाकडे झुकलेला कयाकस्वार नेमके तेच करीत असतो, तेही तासन् तास.

पायाला मुंग्या येण्याची कथा थोडी निराळी. नितंबातून मांडीच्या मागून खाली जाणारी सायटिक ही जाड मज्जातंतू कठीण कडेवर दाबली गेली की पाऊल झोपी जाते. मागच्या खिशात फुगलेले पाकीट ठेवून दिवसभर गाडी चालवणाऱ्यांना होणारा त्रास याच वर्गातला. आसनाचा पुढचा काठ मांडीत रुतत असेल, किंवा मांड्या अधांतरी राहून सगळा भार दोन हाडांवर येत असेल, तर वर कितीही जाड उशी घाला, ती तासाभरात दबून पुन्हा तोच काठ वर येतो.

म्हणून दुरुस्तीचा आरंभ आसनापासून नव्हे, पायांपासून करावा. बहुतेक कयाकमध्ये पाऊल टेकण्याचे आधार मागेपुढे सरकवता येतात किंवा साच्यातच खाचांची ओळ असते. गुडघे किंचित उचलले जावेत आणि तळव्याचा पुढचा भाग आधारावर टेकावा, अशी ती जागा हवी. आधार फार दूर असला तर माणूस पुढे घसरत राहतो आणि पाठीचा टेकू हरवतो. गुडघे वाकले की मांडीमागचा ताण कमी होतो, म्हणजे एक पैसाही खर्च न करता अर्धे काम होते. त्यानंतर पाठीच्या टेकूचे पट्टे पाहावेत. पुढचे दोन पट्टे ताठ असावेत आणि टेकूचा भार कमरेच्या खोलगट भागावर यावा. टेकू वर सरकून बरगड्यांना लागत असेल, तर बरेचदा दोष लाइफ जॅकेटचा निघतो. साध्या जाकिटाचा पाठीकडचा फोम उंच टेकूशी भांडतो आणि माणसाला पुढे ढकलतो. उंच टेकूच्या आसनांसाठी पाठीवर फक्त वरच्या भागात फोम असलेली जाकिटे मिळतात, ती घ्यावीत. जाकीट काढून ठेवणे हा मात्र उपाय नव्हे.

आता घडी. येथे पदार्थाची निवड महत्त्वाची. घरगुती स्पंज पाणी पितो, थंड पडतो, कुजतो. बंद कोषांचा फोम, म्हणजे ज्याच्या आतले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नाहीत असा, पाणी शोषत नाही आणि दबतही कमी. अमेरिकेतील मंडळी बागकामाची गुडघा टेकण्याची पट्टी कापून वापरतात. योगाच्या जाड चटईचे तुकडे एकावर एक ठेवूनही काम भागते. मागे उंच आणि पुढे उतरती अशी पाचर नितंबांखाली, मांड्यांखाली दोन वेगळे गोलसर आधार आणि माकडहाडाच्या जागी उभी खाच, एवढी रचना पुरते. हा फोम धारदार सुरीने कापता येतो आणि खरखरीत कानसेने घासून अंगाच्या आकाराचा करता येतो. घाईने खूप कापू नये. घासलेले परत जोडता येत नाही. बनवलेले आसन आधी घरात, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून तासभर वापरून पाहावे. वर्तमानपत्र वाचून होईपर्यंत मुंग्या आल्या नाहीत, तर पाण्यावरही बहुधा येणार नाहीत.

एवढ्यानेही भागत नाही अशांसाठी उंच चौकटीचे आसन आहे. अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेली जाळी, म्हणजे जवळजवळ आरामखुर्चीच. कारखानदारांनी ती देण्यापूर्वी हौशी लोक समुद्रकिनाऱ्यावरच्या घडीच्या खुर्चीचे पाय कापून कयाकमध्ये बांधीत असत. २०१० च्या सुमारास अशी आसने मासेमारीच्या कयाकमध्ये सर्रास दिसू लागली. खुर्चीत पाय खाली येतात, मांडी-धडातला कोन मोकळा होतो, जाळीतून वारा खेळतो, बूड कोरडे राहते. फ्लोरिडा-टेक्सासच्या उथळ पाण्यात तर उंचावरून मासा आधी दिसतो. पायडलवर चालणाऱ्या कयाकला, ज्यांचा प्रसार १९९७ मध्ये होबी कंपनीने मिराज ही यंत्रणा आणल्यानंतर झाला, अशी बैठक अधिकच मानवते. कारण प्रत्येक पावलाचा उलटा रेटा पाठीच्या टेकूवर येतो.

पण उंचीची किंमत मोजावी लागते. ८० किलोंचा माणूस, ३० किलोंची कयाक आणि १० किलोंचे सामान धरले, तर आसन १० सेंटिमीटर उचलताच साऱ्याचा गुरुत्वमध्य सुमारे पावणेसात सेंटिमीटर वर जातो. इतक्या हलक्या नौकेला हा बदल मोठा आहे. याउलट नौकेची सरळ राहण्याची शक्ती रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. भार आणि लांबी तीच ठेवून रुंदी ७० वरून ८० सेंटिमीटर केली, तर तिचा हा वाटा सुमारे दीडपट होतो. उंच आसनाच्या कयाक रुंद का असतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. आणि जुन्या अरुंद कयाकमध्ये पाय कापलेली खुर्ची ठेवण्याचा मोह का आवरावा, याचेही. अशा नौकेत चार-पाच सेंटिमीटरच्या पाचरेवरच थांबणे शहाणपणाचे. उंचीबरोबर वाराही अधिक लागतो आणि पूर्वीचे वल्हे तोकडे पडते. २२०-२३० सेंटिमीटरच्या जागी २४० किंवा त्याहून लांब वल्हे घ्यावे लागते. आसनाच्या किमतीत हा खर्च कोणी धरत नाही.

जोडणीत सर्वाधिक चुका होतात. पॉलिइथिलिनला बहुतेक गोंद धरत नाहीत. संपर्क-गोंदाने चिकटवलेला फोम उन्हाळाभर टिकतो आणि एके दिवशी हातात येतो. म्हणून आसन पट्ट्यांनी आणि कड्यांनी बांधावे. नव्या कड्यांसाठी भोके पाडायचीच, तर ती पाण्याच्या रेषेच्या वर, जेथे आतून हात पोहोचतो अशा जागी असावीत. आत रुंद वॉशर आणि सागरी सीलंट हवे. बसण्याच्या खळग्याच्या तळाला ड्रिल कधीच लावू नये, निचऱ्याची छिद्रे झाकू नयेत. खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियमची चौकट आणि स्टीलचे स्क्रू एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजते, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुणे आवश्यक.

शेवटची परीक्षा कमरेएवढ्या, संथ पाण्यात घ्यावी. लाइफ जॅकेट घालून, काठ्या-डबे किनाऱ्यावर ठेवून, सोबतीला एक माणूस घेऊन नौका मुद्दाम उलटवावी. आसन जागचे हलते का, एखादा सैल पट्टा पायात अडकतो का, पोटावर चढताना टेकूचा दांडा छातीला आडवा येतो का, हे तेथेच कळते. तीन वेळा न अडखळता वर चढता आले नाही, तर आसन खाली उतरवावे आणि पट्टे पुन्हा बांधावेत. मग पुढच्या सुटीच्या दिवशी काठ्या बरोबर घ्याव्यात. आणि आसन कितीही जमले असले तरी दर तासाला किनाऱ्याला लागून पाच मिनिटे उभे राहावे.